तळाचं पाणी

आचऱ्याच्या अलीकडे एका किनारी गावात मी नर्स म्हणून रुजू झाले तेव्हा चोवीस वर्षांची होते. स्वातंत्र्य मिळून दहा-बारा वर्षं झाली असतील. गावाने आपल्या हिमतीवर चार खाटांचं प्रसूतिगृह बांधलं होतं. जांभ्या दगडाच्या भिंती, वर कौलं, पुढे पडवी, मागे न्हाणी आणि स्वयंपाकाची खोली. डॉक्टर मालवणहून आठवड्यातून दोनदा येत. बाकीचे दिवस सगळं माझ्यावर.

माझं गाव तळेऱ्याच्या वरच्या अंगाला, घाटाच्या पायथ्याशी. तिथे घरामागून व्हाळ वाहायचा, विहीर खोल, पाणी थंडगार. मे महिन्यात पाणी खाली गेलं की दोर वाढवायचा, एवढंच आम्हाला ठाऊक. पाणी आटतं हे मी पाहिलेलं होतं. ते बिघडतं, हे मला माहीत नव्हतं.

प्रसूतिगृहाची विहीर उथळ होती, दोन पुरुष खोल. वाळूत खणलेली आणि आतून चिऱ्यांनी बांधून काढलेली. तिच्यापलीकडे माडांच्या दोन रांगा, मग सुरूची झाडं आणि मग थेट समुद्र. मी आश्विनात गेले, तेव्हा पाणी इतकं वर होतं की कठड्यावर पालथं पडून हात घातला तर बोटं भिजतील. मला वाटलं, निदान पाण्याची तरी काळजी नाही.

पाणी भरायला एक बाई होती. पन्नाशीची, नवरा गेलेला, अंगाने काटक. सगळा गाव तिला काकी म्हणायचा, मीही म्हणू लागले. ती सकाळी उजाडताच यायची, पितळेची लहान कळशी दोराला बांधायची आणि पाणी काढू लागायची. तिची ती काढायची पद्धत बघून माझा जीव वरखाली व्हायचा. कळशी ती धपकन सोडत नसे. दोर हातावर घेत घेत, तान्ह्या मुलाला पाळण्यात ठेवावं तशी खाली न्यायची, पाण्यावर आडवी होऊ द्यायची आणि भरली की तितक्याच सावकाश वर घ्यायची. वीस-बावीस कळश्या झाल्या की विहिरीवर माडाच्या झावळ्यांचं झाप टाकायची. मग तिसऱ्या प्रहरापर्यंत कुणी विहिरीला हात लावायचा नाही.

मला हे जमेना. एका बाळंतपणाला किती पाणी लागतं ते बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. हत्यारं उकळायला, हात धुवायला, बाळंतिणीच्या आंघोळीला, बाळाला, कपड्यांना, फरशीला. दोन बायका एकाच दिवशी आल्या की मी आधी कळश्या मोजायची. जेवता जेवता मी उठायची आणि हंड्यावरचं झाकण उचलून आत किती आहे ते बघायची. परत येऊन बसायची, दोन घास खायची, पुन्हा उठायची. काकी ते बघायची.

फाल्गुनात पाणी उतरलं. चैत्रात कळशी तळाच्या वर हातभर अंतरावर भरू लागली.

त्या चैत्रातली एक दुपार. एक बाई तिसऱ्या खेपेची होती. मूल सुखरूप झालं, वारही पडली, पण रक्त थांबेना. मी एका हाताने तिचं पोट चोळत होते आणि दुसऱ्या हाताने कपडे बदलत होते. गरम पाणी संपलं. मी काकीला हाक मारली. तिने झाप बाजूला केलं आणि कळशी सोडली, नेहमीसारखी. खिडकीतून मला तिचे हात दिसत होते. दोर एकेक वीत खाली जात होता. मी खिडकीतून तिच्यावर ओरडले. मला आठवतं, मी तिला अगदी वाईट शब्द वापरला. तिने वर पाहिलं नाही आणि हातही भराभर चालवला नाही. तीन कळश्या तिने त्याच चालीने काढून आणल्या.

रक्त थांबलं ते त्याच्या वेळेला थांबलं. काकीने कळशी पटकन काढली असती तरी काही फरक पडला नसता, हे आज मला कळतं. पण त्या दिवसानंतर माझ्या डोळ्यांपुढून तो दोर हलेना.

संध्याकाळी मी तिला विचारलं, एवढा उशीर का लावतेस. ती शांतपणे म्हणाली, "वयला पाणी गोडा, बाय. पावसाचा ता. खालती दर्या आसा. तो निजलेलो आसा तोपर्यंत बरा. जोरान काढलास काय तो वयर येता."

मी ऐकलं आणि सोडून दिलं. मला ती पाणी न भरण्याची सबब वाटली.

त्याच वर्षी गणपतीला मुंबईत नोकरीला असलेले गावातले एक गृहस्थ आले. त्यांच्या सुनेचं बाळंतपण आमच्याकडे झालं होतं. प्रसूतिगृहाला काय हवं-नको ते विचारायला ते डॉक्टरांसमोर पडवीत बसले. डॉक्टर खाटांबद्दल बोलणार होते, हे मला माहीत होतं. त्यांच्याआधी मी बोलले. म्हटलं, हातपंप द्या आणि न्हाणीजवळ सिमेंटची टाकी बांधून द्या.

दिवाळीनंतर पंप आला, मिस्त्री आला. नळी विहिरीत सोडताना त्याने विचारलं, किती खाली नेऊ. काकी कठड्याशी उभी होती. तिने हाताने दाखवलं, एवढीच, पाण्याच्या जरा खाली. मिस्त्रीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, तळापर्यंत न्या, म्हणजे उन्हाळ्यात शेवटच्या थेंबापर्यंत पाणी मिळेल. त्याने नळी तळाला टेकवली.

पुढल्या खेपेला डॉक्टरांनी पंप हापसून बघितला, टाकीचा नळ सोडून बघितला आणि मला विचारलं, "सिस्टर, आता पाणी भरायला बाईची गरज आहे का?"

मी म्हटलं, नाही.

काकीला ते डॉक्टरांनीच सांगितलं. मी आत होते. खरं म्हणजे आत माझं काही काम नव्हतं, एक धुतलेला कपडा मी पुन्हा घडी करत होते. बाहेर कळशी धुतल्याचा आवाज आला, मग ती दगडावर पालथी घातल्याचा. मी बाहेर आले तेव्हा काकी कुंपणाच्या बेड्यातून पार गेली होती.

पंपाने आमचे दिवस बदलले. बायकांबरोबर आलेले नवरे, भाऊ, सासरे पडवीत नुसते बसून असायचे. त्यांना आता उद्योग मिळाला. हौसेने हापसायचे, टाकी भरून वाहायची, तरी हापसायचे. नळ सोडला की पाणी. कोणी पाय धुवायला अर्धी बादली घ्यायचं, कोणी डबा विसळायला नळ तसाच सोडून गप्पा मारायचं. न्हाणीतलं पाणी मागच्या चरातून सरळ वाळूत जायचं. मी काही बोलले नाही. इतक्या दिवसांनी भरलेली टाकी बघत होते, मला ती बघतच राहावंसं वाटायचं. माघात टाकी दिवसातून दोनदा भरू लागलो. पूर्वी काकी दोन दिवसांत काढायची त्याहून जास्त पाणी आम्ही एका दिवसात काढत होतो.

फाल्गुनाच्या शेवटी एका सकाळी मी बाळंतिणीसाठी चहा केला आणि दूध फाटलं. मला वाटलं, दूध शिळं असेल. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या घरचं दूध आणलं, तेही फाटलं. कपडे धुणारी म्हणाली, साबणाला फेस येत नाही. मी नळाखाली ओंजळ धरली आणि पाणी तोंडात घेतलं. उन्हातून चालून आल्यावर वरच्या ओठावर घाम येतो, तशी चव होती.

तेव्हा मी जे केलं ते आठवलं की अजून उठून फेऱ्या माराव्याशा वाटतात. मला वाटलं, वाईट पाणी उपसून टाकलं की खालून चांगलं येईल. आमच्या वरच्या गावात विहिरीत काही पडलं तर आम्ही तेच करायचो. पडवीतल्या दोघा पुरुषांना मी पंपावर उभं केलं. सकाळभर ते आळीपाळीने हापसत होते आणि पाणी चरातून वाहत होतं. मी दर थोड्या वेळाने चव घेत होते. दुपारी ते पाणी तोंडात धरवेना.

डॉक्टर आले. त्यांनी चूळ भरली आणि थुंकली. मला रागावले नाहीत, त्यापेक्षा रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "हे पाणी बाळंतिणीला द्यायचं नाही. बाळाला तर नाहीच. पाऊस पडेपर्यंत बंद ठेवावं लागेल, असं दिसतं."

बंद म्हणजे बायकांनी बैलगाडीतून किंवा होडीतून मालवण गाठायचं. चैत्र-वैशाखात चौघींचे दिवस भरत होते. त्या मला तोंडपाठ होत्या. एकीचे पाय सुजलेले, एक पहिलटकरीण, एकीचं मूल आडवं होतं. चौथी काकीची मुलगी, माहेरी बाळंतपणाला आलेली. मला बसवेना. मी पडवीतून विहिरीपर्यंत जायची, वाकून बघायची, परत यायची. बघून काय होणार होतं? पाणी तर स्वच्छ दिसत होतं, आधी दिसायचं तसंच.

तिसऱ्या दिवशी मी काकीच्या घरी गेले.

ती अंगणात काथ्या काढत बसली होती. खाडीत कुजवलेली नारळाची सोडणं दगडावर ठेवून दांडक्याने ठोकत होती. मला बघून तिने ठोकणं थांबवलं नाही. मुलगी दारात आली, पोट पुढे आलेलं, आणि आईकडे बघून पुन्हा आत गेली. मी सगळं सांगितलं. पाणी उपसलं तेही सांगितलं. तिथे तिचा हात थांबला.

"सगळा काढलंस?" तिने विचारलं.

मी मान हलवली.

तिने हातातलं सोडण दगडावर सरळ केलं. मग म्हणाली, "नळी तळाक सोडताना माका इचारूक व्हया होता. आता इचारतंस."

मी म्हटलं, "काकी, माझा चुकला."

 तिने दोन सोडणं अजून ठोकली, हात पुसले आणि ती माझ्याबरोबर निघाली.

तिने विहिरीत वाकून पाहिलं, पाणी चाखलं नाही. पंपाच्या दांड्याला दोरी बांधून टाकायला सांगितलं. आता पावसापर्यंत हिला कुणी हात लावायचा नाही, म्हणाली, लावला तर फक्त कपड्यांच्या पहिल्या धुण्यासाठी, आणि तेही कळशीने. रक्ताचे कपडे थंड खाऱ्या पाण्यात आधी भिजवले की डाग लवकर सुटतात, हे मला नर्सिंगच्या शाळेत कुणी शिकवलं नव्हतं. ते तिने सांगितलं.

प्यायचं आणि उकळायचं पाणी मैलभर आत, देवळाकडच्या विहिरीवरून आणायचं ठरलं. खाटेवर जी बाई असेल, तिच्या घरच्यांनी रोज चार कळश्या आणायच्या. पुरुष आधी कुरकुरले. काकीने त्यांना विचारलं, पंप हापसताना तुमचे हात दुखत नव्हते, मग आता काय झालं. त्यानंतर ते मुकाट्याने आणू लागले.

मग आमचं खरं शिकणं सुरू झालं. एक पाणी किती वेळा वापरता येतं ते मी त्या दोन महिन्यांत बघितलं. हत्यारं उकळलेलं पाणी निवलं की कपड्यांच्या शेवटच्या धुण्याला. ते धुण्याचं पाणी फरशीला. तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं केळीला. न्हाणीचा चर काकीने कुदळीने वळवला आणि माडांच्या मुळाशी नेऊन सोडला. टाकीच्या नळाला मी चिंधी बांधून टाकली, सवयीने कुणी सोडू नये म्हणून. भरलेली कळशी कुणी जोरात ठेवली आणि पाणी हिंदकळलं तरी मी वळून बघायची. बायका मला हसायच्या. मला हसू यायचं नाही.

जिचं मूल आडवं होतं तिला डॉक्टरांनी आधीच मालवणला हलवलं. बाकीच्या तिघी आमच्याकडेच झाल्या. काकीच्या मुलीला वैशाखात एका सकाळी कळा सुरू झाल्या. दुपारी तिला मुलगा झाला. त्या बाळंतपणात आम्ही अकरा कळश्या पाणी वापरलं. पूर्वी वीस वापरत होतो तेव्हाही कमी पडेल म्हणून मी धास्तावलेली असायची. त्या दिवशीही होतेच. काकी चुलीपाशी होती. मूल रडलं तेव्हा तिने आत येऊन बघितलं, आणि मग आधी हंड्यात किती उरलंय ते बघितलं.

पावसाच्या तोंडावर कौलं चाळायचं काम निघालं. तेव्हा काकीने मला घराच्या मागे नेलं. गवंड्याने वळचणीखाली फरसबंदीची छान गटार केली होती. छपरावरचं सगळं पाणी तिच्यातून समुद्राच्या दिशेला जायचं. ती म्हणाली, "ह्या पाणी खंय जाता? आणि विहिरीक पाणी कोण देता?"

पुढचं मला सांगावं लागलं नाही. तरी चार दिवस मी त्या गटारीभोवती फिरत होते, कुठून कसं वळवायचं ते बघत. विहिरीच्या वरच्या अंगाला, दहा-बारा हातांवर, आम्ही पुरुषभर खड्डा खणवला. त्यात खाली जांभ्याचे मोठे तुकडे, वर बारीक खडी आणि त्यावर जाड वाळू भरली. पडलेल्या माडाचं खोड उभं चिरून, आतून कोरून त्याचे पन्हळ केले आणि वळचणीला बांधले. डॉक्टरांना हे पसंत नव्हतं. कौलांवर पक्षी बसतात, पाचोळा कुजतो, ती घाण विहिरीत उतरेल, म्हणाले. त्यांचं बरोबर होतं. शेवटी असं ठरलं की पहिल्या पंधरा दिवसांचं पाणी बाहेरच सोडायचं, छप्पर धुऊन निघालं की मग पन्हळ खड्ड्याकडे वळवायचा, आणि विहिरीत नेहमीसारखं जंतू मारायचं लाल औषध टाकायचं. मिस्त्रीला बोलावून पंपाची नळी कापून आखूड केली. ती कुठे कापायची ते काकीने दाखवलं.

आषाढात एका सरीत खड्डा तुंबला, कडेची माती खचली आणि निम्मी वाळू वाहून गेली. मी भिजत उभी राहून बघत होते. सगळं वाया गेलं, असं मला वाटलं. उघडीप मिळाल्यावर पुन्हा भरला आणि कडेला चिरे लावले.

श्रावणात विहीर काठोकाठ आली आणि पाणी गोड लागलं. पण श्रावणात ते लागणारच. माझं लक्ष चैत्राकडे होतं. माघापासून मी रोज सकाळी चमचाभर पाणी जिभेवर घेऊ लागले. पुढे पुढे मला काही नसताना खारट लागायचं. मग मी पडवीत बसलेल्या कुणालाही चव घ्यायला लावायची. काकी परत कामावर आली होती. पंप असला तरी किती वेळ हापसायचं आणि झाप कधी टाकायचं ते तीच ठरवायची.

त्या वर्षी वैशाखाच्या दुसऱ्या आठवड्यात दूध फाटलं. जवळजवळ दीड महिना आम्ही पुढे ढकललं होतं. तीन आठवडे बाहेरून पाणी आणलं. पुढच्या वर्षी दहा-बारा दिवसच आणावं लागलं. पूर्ण बरी ती विहीर माझ्या वेळेत झाली नाही.

चौथ्या वर्षी शेजारच्या माडांच्या बागेत पाणी उपसायचं तेलावरचं इंजिन बसलं. दिवसभर त्याचा ठोका ऐकू यायचा. मी मालकाकडे दोनदा गेले. भले गृहस्थ होते, चहा दिला, ऐकून घेतलं. फक्त सकाळी चालवू, म्हणाले. काही दिवस तसं चालवलंही. मग पुन्हा दुपारी ठोका ऐकू येऊ लागला. काकी झापावर हात ठेवून त्या आवाजाकडे बघत उभी राहायची. आम्ही आमच्या विहिरीचं पाणी जपत होतो, पण जमिनीखाली कुंपण नव्हतं. तिसऱ्यांदा जायचं माझ्या मनात होतं, तेवढ्यात वेंगुर्ल्याला बदलीचा हुकूम आला.

निघायच्या दिवशी काकी मला बसपर्यंत पोचवायला आली. नातू तिच्या कडेवर होता. बस यायला वेळ होता. गेली तीन वर्षं जे बोलायचं राहिलं होतं ते मी बोलले. म्हटलं, "काकी, तुमची गरज नाय असा डॉक्टरांक मीच सांगितलंय."

"म्हायत आसा माका," ती म्हणाली. "डॉक्टरान त्याच दिवशी सांगितल्यान."

म्हणजे मी तिच्या अंगणात गेले तेव्हाही तिला ते ठाऊक होतं. मी विचारलं, मग त्या दिवशी ती माझ्याबरोबर आली कशी.

"तुझ्यासाठी नाय इलंय गो. माझ्या चेडवाचे दिवस भरत इल्ले. तेका गाडीतसून मालवणाक कसा नेवचा?"

मला काय वाटलं ते नीट सांगता येणार नाही. इतकी वर्षं मी समजत होते की तिने मला माफ केलं म्हणून ती आली. लाज वाटली, आणि थोडं हलकंही वाटलं. मी तिला म्हटलं, इंजिनवाल्यांकडे आता तुम्ही जा, नवीन नर्सला घेऊन जा. ती म्हणाली, जाईन, पण तो ऐकेल असं वाटत नाही. तेवढ्यात बस आली. तिने नातवाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि मोकळ्या हाताने माझी वळकटी उचलून दारातून आत सारली.

"चढ आधी," ती म्हणाली. "मागसून बसाक जागा गावाची नाय."